बाहेरच्यांचा आवाज, घरच्यांचा कौल

बाजव्यास गाण्याची शिकवणी आटोपली की एखाददुसरे पालक चहाला थांबतात. परवा त्यांतील एकांनी विचारले, "मास्तर, कॅनडात बसून पंजाबचे निराळे राज्य मागण्याचा हक्क या लोकांना दिला कोणी?" खलिस्तानवाद्यांनी २०२२ साली ब्रॅम्प्टन येथे जे 'सार्वमत' घेतले, त्यावरून हा प्रश्न निघाला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आपणां मराठी माणसांस गोवा आठवावा.

सालाझारच्या अमदानीत गोव्यात मोकळेपणाने सभा भरविता येत नसे, की वृत्तपत्र चालविता येत नसे. तेव्हा गोमंतकाचे गाऱ्हाणे बाहेरच्या गोवेकरांनी मांडले. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी मुंबईतून 'फ्री गोवा' हे पत्र चालविले. १९५४ च्या जुलैत 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स'च्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केले. त्याच वर्षी दादरा-नगरहवेलीच्या कार्यासाठी सुधीर फडके यांच्या खटपटीने लता मंगेशकर पुण्यात गायिल्या. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ मूळचे गोव्यातील मंगेशीचे.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेण्यात आला. बाहेरगावच्या गोवेकरांनाही मत असावे, अशी जॅक सिक्वेरा यांच्या पक्षाची मागणी होती. ती मान्य झाली नाही. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. दरबारी गवई असलेल्या माझ्या वडिलांस ही गोष्ट पुढेही सलत असे. आई म्हणे, "आपण नांदतो बडोद्यात. कौल त्यांनीच द्यायचा ना?"

आईच्या या बोलण्यात त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. घरच्यांचे तोंड बांधलेले असेल, तर बाहेरच्यांनी बोललेच पाहिजे. तिबेटी निर्वासितांचा आवाज म्हणूनच निराळा तोलावा लागतो. पंजाबात मात्र ब्रॅम्प्टनच्या त्याच वर्षी फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली होती. २०२४ साली तर खलिस्तानचा पुरस्कार करणारे अमृतपाल सिंग तुरुंगात असताना खडूर साहिबमधून लोकसभेवर निवडून आले. तेथील माणूस मुका नाही. त्याला वगळून परमुलखात मतपेट्या मांडणे, याला सार्वमत कसे म्हणावे?

आपलीही मुले आज टोरांटोस राहतात. त्यांनी मायभूमीची आठवण ठेवावी, तिचे दुखणे जगाच्या कानी घालावे. कौल मात्र तेथे नांदणाऱ्यांचा असावा, आणि तो आपल्या मनाविरुद्ध गेला तरी मानावा.