तुरीची मर आणि घरचे बी



दिवाळी सरली की लातूर-नांदेडकडच्या शिवारात तूर पिवळ्या फुलांनी डवरून येते. नेमके त्याच सुमारास एखादे झाड मान टाकते. आठवडाभरात शेजारची आणखी दोन. पाणी कमी पडले म्हणावे, तर लगतचे झाड हिरवेगार उभे. चार-पाच महिने राखलेले पीक असे डोळ्यांदेखत वाळते, आणि पाठीवर पंप घेऊन फवारत हिंडण्याचा काही उपयोग नसतो. रोग पानावर नाही, मुळात आहे.

असे झाड उपटा आणि बुंधा विळ्याने उभा चिरून पाहा. आत काळपट-तपकिरी रेघा वर चढलेल्या दिसल्या तर ती मर समजावी. बाहेरूनही बुडापासून वर गेलेला जांभळट पट्टा पुष्कळदा दिसतो. ही बुरशी मुळांतून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. बटलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० साली तिचे वर्णन केले व 'फ्युजेरियम उडम' असे नाव दिले. धसकटांच्या आधाराने ती जमिनीत तीन-तीन वर्षे दम धरते. म्हणून यंदा चार झाडे गेली, तर पुढच्या खेपेला तिथे खळ्याएवढी जागा रिकामी होते.

मग उरला उपाय बियाण्याचा. मरीला दाद न देणारा वाण शोधायचा तर तो मरीच्याच जमिनीत शोधावा लागतो. संशोधन केंद्रावर असा रोगट तुकडा मुद्दाम राखतात. मधूनमधून हमखास मरणारा वाण पेरतात. तो मेला नाही, तर त्या वर्षीची परीक्षा धरतच नाहीत. जी झाडे तगतात त्यांचे बी पुन्हा त्याच तुकड्यात, पिढ्यान्‌पिढ्या. कर्नाटकात १९८६ साली आलेली 'मारुती' तूर अशीच निवडलेली, आणि मूळ बी महाराष्ट्रातल्या गावरान तुरीचे! पण मारुती मरीला टिकते, वांझ रोगाला मात्र लगेच बळी पडते. वांझ रोग विषाणूचा, तो बारीक कोळी पसरवतात. त्याची परीक्षा तर गमतीची आहे. रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानाला कागद टाचतात तसे पिनेने टाचायचे, म्हणजे कोळी आपोआप रोपावर उतरतात.

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने दोन्ही रोगांना तोंड देणारे वाण दिले. लाल दाण्याची बीएसएमआर ७३६ आणि पांढरी बीएसएमआर ८५३ आपल्या ओळखीच्या आहेत. लवकर येणारी पांढरी बीडीएन ७११ हलक्या-मध्यम रानाला बरी.

आता घरच्या बियाण्याविषयी. "बीएसएमआरच पेरली होती, तरी वाळली," अशी तक्रार ऐकू येते. बियाणे कितव्या वर्षाचे, हे आधी विचारावे. तुरीच्या फुलावर मधमाशी बसते आणि शेजारच्या शेतातल्या जुन्या तुरीचा पराग आपल्या झाडावर आणते. सोयाबीनमध्ये असे क्वचितच घडते, तुरीत सर्रास घडते. पाच-सहा वर्षांत कणगीतल्या बियाण्याला नाव तेच राहते, गुण पातळ होतो. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या तुरीपासून किमान १०० मीटर अंतर लागते ते याचसाठी. बी राखण्याचे काम बहुतेक घरी बायकांकडे असते. त्यांनी बांधाकडची झाडे सोडून शेताच्या मधल्या, निरोगी झाडांच्या शेंगा वेगळ्या काढाव्यात, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे बियाणे आणायला घरधन्याला आठवण द्यावी. पेरताना किलोला ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे.

वाण चांगला म्हणून त्याच रानात दरसाल तूर घेऊ नये. ठिकठिकाणची बुरशी सारखी नसते. एकीकडे टिकलेला वाण दुसरीकडे हार खातो. पूर्वी ज्वारीत तुरीची तासे असत. ज्वारीच्या सोबतीने मर कमी लागते, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या चाचण्यांतही दिसले. आज ज्वारी मागे पडली, सगळीकडे सोयाबीन-तूर. सोयाबीन सोडा म्हणणार कोण? पण मर लागलेल्या तुकड्यात तीन वर्षे तूर नको, एखाद्या वर्षी तिथे कडब्यापुरती तरी ज्वारी टाका. मेलेली झाडे मुळासकट काढून जाळा, आणि ती जागा ध्यानात राहावी म्हणून बांधावर दगड ठेवा.