खुर्ची डुगडुगते? कुसू बदला!



बहुतेक घरांत एक खुर्ची अशी असते, की पाहुणा तिच्याकडे वळला की आपल्या तोंडून आपोआप निघतं, "त्या खुर्चीवर नको हं, ही घ्या!" ती डुगडुगते हे घरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. दुरुस्तीचं मात्र दिवाळीपर्यंत, मग मे महिन्यापर्यंत, असं लांबतच जातं.

आमच्याकडेही तेच झालं. जुन्या सागवानी चार खुर्च्यांपैकी एक डुगडुगत होती. सुताराने दोन लांब खिळे ठोकून दिले आणि आम्ही निश्चिंत झालो. एका दुपारी सासूबाई तिच्यावर बसून मेथी निवडत होत्या. जरा मागे रेलल्या आणि खुर्चीचा मागचा पाय कडकन सुटला. भिंत जवळ होती म्हणून निभावलं, नुसत्या कोपरावरच गेलं. पण तेव्हापासून त्या खुर्चीवर बसेनातच. जेवणसुद्धा पलंगावर बसून घ्यायच्या. गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नाही आणि खुर्चीची भीती बसलेली! तेव्हा ठरवलं, की आता ही खुर्ची नीट करायची, आणि खिळ्यांनी नाही.

आधी खुर्ची मोडते कुठे ते बघू या. बैठकीखालची बाजूची आडवी पट्टी जिथे मागच्या पायाला मिळते, तो सांधा सगळ्यांत आधी जातो. आपण मागे रेलतो तेव्हा पाठीचा सगळा जोर त्याच जागी येतो. पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ, म्हणजे कुसू, पायातल्या खोबणीत बसलेलं असतं. डिंक सुकून सुटला की कुसू आत हलायला लागतं, आणि हलून हलून एक दिवस मोडतं. खिळा ठोकला तर तिथलं लाकूडच चिरतं. आमच्या खुर्चीचं नेमकं तसंच झालं होतं.

मग पट्टीला नवं कुसू कोरावं म्हटलं, तर ते कोरण्यात पट्टीच तेवढी आखूड होते आणि खुर्ची वाकडी बसते. यावर उपाय सुट्या कुसवाचा. मोडकं कुसू मुळाशी सपाट कापून टाकायचं, पट्टीच्या टोकालाही पायासारखीच खोबण पाडायची आणि दोन्ही खोबणींत मिळून लाकडाचा एक वेगळा तुकडा बसवायचा. पट्टीची लांबी आहे तेवढीच राहते.

पट्टीच्या टोकात सरळ खोबण पाडणं हेच यातलं अवघड काम. हाताने पटाशी मारायला वर्षांची सवय लागते. आमच्या मुलाकडे छोटं राऊटर होतं, ते मी कामाला लावलं. हे यंत्र हातात धरून लाकडावर फिरवतात. पण तेच टेबलाखाली उलटं बसवलं, की नुसतं पातं वर येतं आणि आपण लाकूड सरकवायचं. म्हणजे अगदी शिवणयंत्रासारखं! सुई जागच्या जागी, कापड पुढे जातं. हे मनात बसलं आणि माझी निम्मी भीती गेली.

टेबल : ६० बाय ४० सेंटिमीटरचं १८ मिलीमीटर जाडीचं प्लायवूड घ्या. मधोमध राऊटरची बैठक मावेल एवढी चौकोनी खिडकी कापा. त्यावर ६ मिलीमीटरचं प्लाय चिकटवा आणि त्याला पात्यापुरतं भोक पाडून राऊटर खालून स्क्रूने पक्कं करा. जाड प्लायलाच राऊटर लावलं तर पात्याची निम्मी उंची प्लायमध्येच खर्ची पडते. हा तक्ता दोन भक्कम घोड्यांवर क्लॅम्पने घट्ट बसवा.

कठडा : पात्याच्या पलीकडे एक सरळ, उभी फळी दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळा. लाकूड या कठड्याला टेकूनच सरकायचं. पातं आणि कठडा यांच्यातलं अंतर पायाच्या जुन्या खोबणीवरून घ्या. पायाच्या बाहेरच्या कडेपासून खोबण जितकी आत, तितकीच ती पट्टीतही आत हवी. पट्टीची बाहेरची बाजू कठड्याकडे ठेवायची, ही खूण पेन्सिलने आधीच करून ठेवा. ही बाजू उलटली तर खोबणी जुळत नाहीत.

साचा : पट्टीचं टोक अरुंद, तिला नुसत्या हाताने उभी धरून सरकवणं धोक्याचं. म्हणून ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर उंच अशी एक फळी घ्या. तिच्या मधोमध गुण्याने काटकोन बघून एक उभी पट्टी स्क्रूने बसवा. खुर्चीची पट्टी तिला टेकवून क्लॅम्पने आवळली, की फळी आणि लाकूड एकच होऊन कठड्यालगत सरकतं. कठडा आणि पातं यांच्यामध्ये ही फळी येते, तेव्हा अंतर मोजताना तिची जाडी धरायला विसरू नका. खुर्ची पुढे रुंद असेल तर पट्टीचं टोक थोडं तिरकं असतं. तेव्हा फळी आणि लाकडाच्या मध्ये पातळ पाचर घाला. टोक टेबलावर पूर्ण टेकलं पाहिजे.

आता साचा किती सरकू द्यायचा? आमची खोबण ४० मिलीमीटर लांब हवी होती आणि पातं ८ मिलीमीटरचं होतं. म्हणजे साच्याने ४० उणे ८, ३२ मिलीमीटर सरकायचं. साचा ३०० मिलीमीटरचा, म्हणून कठड्यावर दोन लाकडी ठोकळे एकमेकांपासून ३३२ मिलीमीटरवर आवळले. साचा एका ठोकळ्यापासून दुसऱ्यापर्यंतच जातो, चुकायला वावच नाही.

खोबण : पातं फक्त ३ मिलीमीटर वर काढा. साच्याचं उजवं टोक उजव्या ठोकळ्याला टेकवा, डावी बाजू थोडी उचललेली ठेवा, यंत्र सुरू करून साचा हळूच खाली टेकवा आणि उजवीकडून डावीकडे न्या. ही दिशा पाळायचीच. तशी नेली तर पातं लाकूड कठड्याकडे दाबतं, उलट नेली तर हिसका मारतं. डावा ठोकळा आला की यंत्र बंद करा आणि पातं पूर्ण थांबल्यावरच साचा उचला. मग पातं आणखी ३ मिलीमीटर वर, असं करत २० मिलीमीटर खोल जा. घाई करून एकदम खोल गेलात तर लाकूड जळतं, पातंही मोडतं. पहिली खोबण टाकाऊ तुकड्यात पाडून बघा. मी तीन तुकडे फुकट घालवले, मग खुर्चीला हात लावला.

पायातलं मोडकं कुसू ड्रिलने पोखरून पटाशीने साफ करा. जुना डिंक खरवडून काढा, कारण त्यावर नवा डिंक धरत नाही.

कुसू : सागवानाचीच पट्टी ८ मिलीमीटर जाडीला रंधून घ्या. रेषा लांबीच्या दिशेने हव्यात, आडव्या असल्या तर कुसू बिस्किटासारखं तुटेल. दोन्ही खोबणी मिळून ४० मिलीमीटर खोल, तर कुसू ३८ चं करा. उरलेल्या जागेत जादा डिंक मावतो. राऊटरची खोबण कडेला गोल येते, म्हणून कुसवाच्या कडा कानशीने गोल करा. पायाच्या खोबणीत कोपऱ्यांना थोडी फट राहील, तिची काळजी नको. पकड रुंद बाजूंची असते. कुसू हाताने दाबून आत जावं, ठोकावं लागू नये आणि आपण होऊन गळून पडू नये.

आधी डिंकाशिवाय जोडून बघा. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल लावून जोडा. लांब क्लॅम्प नसला तर जाड दोरी भोवती गुंडाळून तिच्यात लाटणं घाला आणि पीळ द्या. दोरीखाली फडकं ठेवा. चोवीस तास खुर्चीला कुणी हात लावायचा नाही.

सावधगिरीचं सांगितलंच पाहिजे. हे पातं मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेतं. पदर खोचून भागणार नाही, पंजाबी ड्रेस घाला आणि ओढणी बाजूला ठेवा. केस बांधा, मंगळसूत्र आत टाका, चष्मा आणि नाकावर मास्क लावा. हातमोजे नकोत, पातं ते ओढून घेतं. पातं बदलताना प्लग काढलेलाच हवा. आणि बांगड्या काढा. मला वाटलं, सासूबाईंना हे आवडणार नाही. पण त्याच म्हणाल्या, "काढ ग, हात राहिला तर बांगड्या!"

दुसऱ्या दिवशी दोरी सोडली. आधी मी बसले, मागे रेलले, मग मुलाला बसवलं. सासूबाई दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र गवारीची टोपली घेऊन आल्या, खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि बसल्या.

तुमच्या घरच्या खुर्च्या आजच एकेक हलवून बघा. डुगडुगणारी सापडली तर ती मोडायची वाट बघू नका. कुसू नुसतं सैल असेल तर डिंक खरवडून पुन्हा चिकटवण्यावरच काम भागतं.