ऑपरेशनआधी विचारायचा प्रश्न

साठी ओलांडलेला रुग्ण प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी दाखल होतो, तेव्हा त्याच्या केसपेपरवर साखर, रक्तदाब, ईसीजी, क्रिएटिनिन, पीएसए, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या अशी सगळी नोंद असते. लैंगिक संबंध चालू आहेत का, ताठरता कितपत येते, ही ओळ मात्र सहसा सापडत नाही. सहा महिन्यांनी तोच रुग्ण ‘ऑपरेशननंतर सगळं बंद झालं’ असे म्हणत येतो, तेव्हा आधी काय स्थिती होती हे ना आपल्याला सांगता येते, ना त्याला नीट आठवते. या अंकात आमचे म्हणणे त्या एका नोंदीविषयी आहे.

रुग्णाच्या मनात दोन वेगळ्या शस्त्रक्रियांची गल्लत झालेली असते. साध्या वाढीसाठी दुर्बिणीतून टीयूआरपी करतो, तेव्हा ग्रंथीचा आतला वाढलेला भाग खरवडला जातो. बाहेरचे कवच आणि त्यालगतच्या नसा जागेवर राहतात, म्हणून ताठरतेला सहसा धक्का लागत नाही. पण मूत्राशयाचे तोंड पूर्वीसारखे मिटत नाही आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. शरीराला त्याचा अपाय नाही. तरी संबंधांनंतरची लघवी गढूळ दिसली, की ‘धातू जातो’ ही जुनी भीती जागी होते आणि रुग्ण लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’च्या जाहिरातीतला नंबर फिरवतो. आधी दोन वाक्ये सांगितलेली असली, तर ही पायपीट आणि तो खर्च वाचतो.

कॅन्सरसाठीच्या रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमीत सगळी ग्रंथी शुक्राशयांसह निघते. वीर्य कायमचे बंद होते. पुढे मूल हवे असेल तर वीर्य आधीच गोठवून ठेवावे लागते. ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीच्या मागच्या बाजूला, डाव्या-उजव्या कडेने जातात. लायडनचे पीटर डोंकर आणि बाल्टिमोरचे पॅट्रिक वॉल्श यांनी १९८१ मध्ये त्यांची वाट शोधून काढली आणि १९८२ मध्ये वॉल्श यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या जपणारी शस्त्रक्रिया केली. त्याआधी या ऑपरेशननंतर नपुंसकत्व जवळजवळ ठरलेलेच असे. मात्र नसा जपल्या तरी ताण आणि उष्णता यांनी त्या दुखावतात. त्या सावरायला दीड-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. गाठ कवचाबाहेर असेल, तर त्या बाजूची नस काढावीच लागते.

ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीचे आकडे प्रत्येक सर्जनने तोंडपाठ ठेवावेत. संबंधांना पुरेल इतकी ताठरता सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांत होती. सहा महिन्यांनी ती शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्क्यांवर, रेडिएशनच्या गटात २२ टक्क्यांवर आली, तर नुसत्या देखरेखीच्या गटात ५२ टक्क्यांवर राहिली. सहा वर्षांनी हे आकडे अनुक्रमे १७, २७ आणि ३० टक्के होते. वयानुसार होणारी घट तिन्ही गटांत दिसते, पण शस्त्रक्रियेची झळ सर्वांत मोठी आणि ताबडतोबीची आहे. ‘रोबोटने केले की काही होत नाही’ ही समजूत रुग्ण जाहिरातीतून घेऊन येतात. ब्रिस्बेनच्या तुलनात्मक चाचणीत रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया यांत दोन वर्षांनंतरही लैंगिक कार्यात लक्षणीय फरक आढळला नाही. रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर घरी जातो, हे फायदे खरे आहेत. तेवढेच सांगावे.

ताठरतेपलीकडच्या गोष्टी तर क्वचितच बोलल्या जातात. वीर्य नसले तरी कळसाची भावना शिल्लक राहू शकते. त्या क्षणी थोडी लघवी सुटू शकते, म्हणून आधी मूत्राशय रिकामे करावे. लिंगाची लांबी थोडी कमी होऊ शकते. यातले काहीच न सांगता रुग्णाला घरी पाठवले, तर तो प्रत्येक बदल ऑपरेशन बिघडल्याची खूण समजतो.

उपचार आहेत, पण क्रम आणि मर्यादा माहीत हव्यात. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल यांना काम करायला जिवंत नस लागते. दोन्ही बाजूंच्या नसा गेल्या असतील, तर गोळीचा डोस वाढवत बसण्यात अर्थ नाही. लिंगात द्यायचे इंजेक्शन नसेला वळसा घालून थेट रक्तवाहिन्यांवर काम करते. व्हॅक्युम पंप आणि शेवटी इम्प्लांट हेही पर्याय आहेत. रोज गोळी घेतल्याने नसा लवकर सावरतात, ही आशा मात्र मोठ्या चाचण्यांत खरी ठरलेली नाही. हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने मेडिकलमधून परस्पर ‘तसली’ गोळी घेतली, तर जिवावर बेतू शकते. फॅमिली डॉक्टरने हे न विचारता सांगावे.

विचारायचे कसे? मुलगा शेजारी फाईल धरून बसलेला असताना विचारले, तर ‘आता कसलं काय, डॉक्टर’ एवढेच उत्तर मिळते. तपासणी झाल्यावर, पडद्याआड तो पायजम्याची नाडी बांधत असताना ‘काका, घरी संबंध चालू आहेत ना?’ असे साध्या आवाजात विचारले, की बहुतेक जण बोलतात. पाच प्रश्नांची आयआयईएफ-५ ही प्रश्नावली हाताशी असली, तर उत्तराचा आकडा केसपेपरवर चढतो. पुढच्या भेटीला काकूंनाही बोलवावे. कॅन्सर आपल्याला लागेल किंवा जवळ गेलो तर यांना इजा होईल, अशा भीतीने त्या दूर झालेल्या असतात. ‘या वयात काय करायचंय?’ हा शेरा डॉक्टरच्या तोंडी शोभत नाही. गरज आहे की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे आहे.

हा केवळ सौजन्याचा भाग नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे, की उपचारांचे संभाव्य दुष्परिणाम आणि उपलब्ध पर्याय समजल्याशिवाय दिलेली संमती वैध नाही. छापील फॉर्मवरच्या अंगठ्याने ही अट पूर्ण होत नाही.

आपल्याकडे बरेच रुग्ण रोग पसरल्यावर येतात. तिथे हॉर्मोन बंद करण्याचे उपचार इच्छाच मारतात आणि बोलणे वेगळे करावे लागते. पण पीएसए तपासणीमुळे लवकर सापडणारे रुग्ण शहरांत आता दिसतात आणि त्यांच्याबाबतीत हा प्रश्न ऑपरेशनचा निर्णयच बदलू शकतो. ‘प्रोटेक्ट’मध्ये १५ वर्षांनी तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू पावलेले सुमारे तीन टक्केच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र जवळपास दुप्पट, सुमारे ९ टक्के होते. कुणाला हा धोका नको असेल, कुणाला ताठरता जपायची असेल. दोन्ही आकडे एकाच बैठकीत त्याच्यासमोर ठेवावेत आणि ऑपरेशनची तारीख त्याला चार दिवस विचार करू दिल्यावरच द्यावी.