घड्याळास शिकवितांना

उतारवयांत शिष्यत्व पत्करणें, त्यांतून गुरु आपलाच नातू असणें, कित्येक गृहस्थांस कमीपणाचें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. नातवानें घरींच काचनळ्यांचें घड्याळ जुळविलें. त्यांतील मायक्रोकंट्रोलरची आज्ञावली लिहिण्याचें काम आम्हीं मागून घेतलें.

निर्वात नळींत तापलेल्या तारेपासून इलेक्ट्रॉन निघतात. ते ज्या पट्टीवर आदळतात ती निळसर हिरवी उजळते. अवघ्या 7 पट्ट्यांत दहाही अंक बसतात. मौज अशी कीं, एका वेळीं एकच अंक लावावयाचा, पण फेरा इतका जलद कीं डोळ्यांस सर्व अंक स्थिर दिसावे!

हा विद्यार्थी आज्ञाधारक खरा, परंतु 59 नंतर 60 न म्हणतां शून्य म्हणावें व मिनिट एकानें वाढवावें, हेंही त्यास सांगावें लागतें. शिवाय क्रम महत्त्वाचा. सेकंदांआधीं मिनिटें तपासलीं, तर 10:59:59 नंतर सेकंदभर 10:60:00 झळकेल. नियमांच्या पौर्वापर्यावरून कार्य ठरतें, हें पाणिनीची अष्टाध्यायी घोकलेल्यास नवें नाहीं. नातवास मात्र त्याचें मोठें नवल वाटलें, व आतां तो सूत्रें विचारूं लागला आहे.

आषाढांत तो शिक्षणासाठीं परगांवीं जाणार. तत्पूर्वीं गजराचें प्रकरण संपविण्याचा आमचा बेत आहे.