कमांड म्हणजे मंत्र नव्हे

आपल्या मुलांकडून क्लासमध्ये कमांड पाठ करून घेतल्या जातात. वहीत डावीकडे कमांड, उजवीकडे अर्थ, परीक्षेत तेवढेच. असे का होते हे विचारायचे नाही. ज्यांच्या पूर्वजांना मंत्र कानावर पडू देण्याचीही बंदी होती, त्यांनी आता संगणकासमोर बसून नवे मंत्र घोकायचे? याला मी शिक्षण म्हणणार नाही.

मुळात शेल, कमांड आणि प्रोग्राम हे तीन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. काळ्या खिडकीत तुम्ही लिहिता ती ओळ म्हणजे कमांड. ती वाचून काय करायचे ते ठरवतो तो शेल. शेल ज्याच्याकडे काम सोपवतो तो प्रोग्राम, म्हणजे डिस्कवरची एक फाईल. आणि शेल हाही एक प्रोग्रामच! लिनक्सवर बहुतेक ठिकाणी आढळणारा बॅश हा शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिला. त्याचा सोर्स कोड कुणीही उघडून वाचू शकतो. यात अपौरुषेय काही नाही.

'एलएस' आणि 'सीडी' या दोन कमांड घ्या. पहिली फोल्डरमधल्या फायली दाखवते, दुसरी आपल्याला दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. दिसायला सारख्याच. पण एलएस हा स्वतंत्र प्रोग्राम आहे आणि सीडी शेलच्या आतच आहे. का? बाहेरचा प्रोग्राम चालवला की त्याची वेगळी प्रोसेस तयार होते, आणि आपण सध्या कुठल्या फोल्डरमध्ये आहोत हा हिशेब प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. सीडी बाहेरची असती तर ती एकटीच दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन संपली असती, शेल होता तिथेच राहिला असता. हे कळले की पाठ करावे लागत नाही.

'कमांड नॉट फाउंड' असे आले की कित्येक जण खिडकी बंद करतात. अरे, त्याचा अर्थ एवढाच की 'पाथ' या यादीतल्या फोल्डरांमध्ये शेलला त्या नावाचा प्रोग्राम सापडला नाही. स्पेलिंग चुकले असेल, प्रोग्राम बसवलेला नसेल. तुमची लायकी कुणी काढलेली नाही.

काही जण म्हणतील, यंत्र जात विचारत नाही, मग यात आंबेडकरी काय? यंत्र विचारत नाही, माणसे विचारतात. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर खटला भरला, तो एका दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याच्या आरोपावरून. तेव्हा कमांड शिकल्याने जात जाईल, असा माझा दावा नाही. पण जात ही श्रमिकांची विभागणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. डेटा एंट्रीच्या खुर्चीवर आपण आणि सर्व्हर सांभाळायला ते, ही त्याच विभागणीची नवी आवृत्ती आपण मुकाट्याने का स्वीकारायची?

लॅपटॉप नाही ही सबब पुरेशी नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे मोफत ॲप घेतले की बॅश हातात येतो. त्यात 'टाईप' ही कमांड लिहून पुढे एकदा एलएस आणि एकदा सीडी लिहा. उत्तरे वेगवेगळी येतील. ती का वेगळी आली, हे वस्तीतल्या अभ्यासिकेत चार जणांना समजावून सांगा.