आधी मुंबईचं सांडपाणी वापरा, मग गारगाईकडं बघा



वाडा तालुक्यात ओगद्याजवळ गारगाई नदीवर मुंबईसाठी धरण बांधायचं घाटतंय. ओगदे, पाचघर, आमले अशा सहा गावांना त्याची झळ आहे. तानसा अभयारण्यातलं जंगल आणि लाखो झाडं पाण्याखाली जाणार. या धरणातून मुंबईला रोज 44 कोटी लिटर पाणी मिळेल म्हणतात.

44 कोटी हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मुंबईला आज रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी जातं. तानसा 1892 पासून, मग मोडकसागर, वैतरणा, भातसा, आणि 2014 साली मध्य वैतरणा. सगळं आपल्याच डोंगरातलं. आणि एप्रिल लागला की माझी आत्या पहाटे चारला उठून डवऱ्यावर नंबर लावते. वाटीवाटीनं हंडा भरतो. भातसाच्या शेजारी शहापुरातल्या पाड्यांवर टँकर येतो, हे कुणाला नवीन नाही.

बारावीनंतर मी दोन महिने मुंबईत एका बिल्डिंगच्या कामावर होतो. तिथं पिण्याचं पाणी सिमेंटवर मारायचे, गाड्या धुवायला तेच, संडासात तेच. मला आत्याचा हंडा आठवायचा.

हे पाणी वापरून जातं कुठं? गटारात, तिथनं खाडीत नाहीतर समुद्रात. आता महापालिका वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशा सात ठिकाणी सांडपाणी शुद्ध करायचे मोठे कारखाने बांधतेय. सगळे मिळून रोज 246 कोटी लिटरचे. म्हणजे त्यातला पाचवा हिस्सा जरी पुन्हा वापरला, तरी गारगाईपेक्षा जास्त पाणी घरातच मिळतं!

हे पाणी साफ कसं होतं? आधी जाळीनं कचरा काढतात, गाळ खाली बसवतात. मग हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते घाण खातात. पुन्हा गाळतात, औषध मारतात. एवढं झालं की बागा, कारखाने, बांधकाम, संडास याला ते चालतं. प्यायला हवं तर आणखी बारीक गाळावं लागतं. आफ्रिकेत नामिबिया देशात विंडहोक शहर आहे, तिथली माणसं 1968 पासून असं पाणी पितात. लांब कशाला, नागपूरचं सांडपाणी साफ करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात.

साहेब लोक म्हणतील, वेगळे पाईप टाकावे लागतात, खर्च येतो. येतो, खरं आहे. पण धरण काय फुकट होतं? आणि आपलं गाव, देव, मसणवट, मोहाची झाडं यांची किंमत त्या हिशोबात कुठल्या रकान्यात लिहिली, ते कुणी दाखवलेलं नाही.

मुंबईला पाणी देऊच नका, असं माझं म्हणणं नाही. तिथल्या झोपडपट्टीत आपलीच माणसं आहेत, त्यांनाही नळाला रांग लावावी लागते. त्यांचं पाणी तोडून काही साधणार नाही. बंगल्याच्या बागेला आणि कारखान्याला साफ केलेलं सांडपाणी द्या, वाचलेलं चांगलं पाणी वस्तीला द्या. आणि वाटेतल्या पाड्यांना पण.

बायांनो, भावांनो, ग्रामसभेत साहेब आले की नुसतं "धरण नको" म्हणून गप बसू नका. विचारा, सात कारखान्यांतलं किती पाणी पुन्हा वापरणार, कधीपासून, कुणाला? उत्तर लेखी मागा आणि ठरावात लिहून घ्या. वनहक्काचे दावे निकाली निघाल्याशिवाय वनजमिनीवरून कुणाला उठवता येत नाही, हे 2006 च्या कायद्यात आहे. दाव्याची पोच ज्यांच्याकडं नाही त्यांनी ती या महिन्यातच घ्यावी. माझ्या पाड्यात अकरा घरांची राहिलीय, त्यात आमचं पण एक.