पोथीच्या पानासाठी आडवा पडदा : निवेदन

प्रति,
विभागप्रमुख, डिजिटल ग्रंथ विभाग

विषय : पोथीवाचनाच्या अ‍ॅपचा पडदा कोडमधूनच आडवा करण्याबाबत (स्मरणपत्र)

महोदय,

पोथीचे पान आडवे असते. हस्तलिखितांचा हा आकार मुंबईच्या छापखान्यांनीही सांभाळला. गणपत कृष्णाजींच्या शिळाछापावर आणि जावजी दादाजींनी 1869 मध्ये काढलेल्या निर्णयसागरात सुट्या आडव्या पानांच्या पोथ्या निघाल्या. विभागाच्या अ‍ॅपमध्ये मात्र हीच पाने उभ्या पडद्यावर उघडतात. उंचीच्या दुप्पट रुंद असलेले पान 1080 बाय 2400 पिक्सेलच्या फोनवर उभ्यात 1080 बाय 540 एवढेच दिसते, आडव्यात 2160 बाय 1080. अक्षर थेट दुप्पट होते. गिरगाव-दादरच्या वयस्कर वाचकांसाठी हा फरक वाचता येण्या-न येण्याचा आहे.

‘पुढच्या आवृत्तीत करू’ असे लेखी उत्तर यापूर्वी मिळाले होते. ती आवृत्ती आली आणि तिच्यात फक्त फिरवण्याचे बटण आले. ते दाबले की पडदा आडवा होतो, पण पोथी पहिल्या पानावर जाते. गुरुचरित्राच्या सप्ताहात चौदावा अध्याय चालू असताना मुखपृष्ठ समोर येते. पोथीला पाट-चौरंग मांडून बसलेला वाचक पुन्हा एकेक पान सरकवत बसतो. कारण उघड आहे. दिशा बदलली की अँड्रॉइड चालू अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे समोरचा पडदा, मोडून नव्याने उभारते आणि साध्या व्हेरिएबलमधला पानक्रमांक तिच्याबरोबर जातो. तो ‘ऑन सेव्ह इन्स्टन्स स्टेट’मध्ये जपावा, शिवाय पान उलटताच फोनच्या साठवणीतही लिहावा. अ‍ॅपच्या मॅनिफेस्ट फाइलमधल्या ‘कॉन्फिग चेंजेस’ने अ‍ॅक्टिव्हिटीची मोडतोड टळेल, पण मागे पडलेले अ‍ॅप प्रणालीने बंद केले तर पान पुन्हा हरवेल. ‘तपासून कळवतो’ असे यावरही सांगण्यात आले होते. काहीही कळवलेले नाही.

बटणावर विसंबण्यापेक्षा वाचनाच्या अ‍ॅक्टिव्हिटीला मॅनिफेस्टमध्येच ‘सेन्सर लँडस्केप’ द्यावे. नुसत्या ‘लँडस्केप’ने एकच बाजू धरली जाते; ‘सेन्सर लँडस्केप’ने फोन डावीकडे वळवला काय नि उजवीकडे, पान सुलटच राहते, ऑटो-रोटेट बंद असले तरीही. शोध आणि ग्रंथयादी उभीच असू द्यावी.

आयफोनवरही हीच सोय व्हावी. अँड्रॉइड 16 साठी बांधलेल्या अ‍ॅपची दिशेची सक्ती मोठ्या टॅबलेटवर प्रणाली मानत नाही, म्हणून तेथे पान दोन्ही दिशांत नीट बसवावे.

या वेळी आश्वासनाऐवजी दुरुस्त आवृत्तीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
गिरगाव-दादर परिसरातील पोथीवाचक